कधी धरायचं, कधी सोडायचं: पॉलिमरचे शास्त्रज्ञ आयुष्यभर नेमकं काय करतात?

ॲसिडिटीची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या, अख्खी गिळा, तोडू नका, चावू नका, असं डॉक्टर बजावतात. गोळी पँटोप्राझोलची असेल तर त्याचं कारण तिच्यावरच्या पातळ लेपात आहे. हे औषध आम्लात टिकत नाही. जठरातल्या तीव्र आम्लाला ते उघडं सापडलं, तर कामाला लागण्याआधीच त्याची वाट लागते. म्हणून त्यावर असा लेप चढवतात, जो जठरात शाबूत राहतो आणि लहान आतड्यात पोचल्यावर विरघळतो. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तातून फिरून जठराच्या पेशींपर्यंत येतं.

आपण जठरात आहोत की आतड्यात, हे लेपाला कसं कळतं? लेपाच्या लांबलचक रेणूंवर ठिकठिकाणी आम्लधर्मी गट लटकलेले असतात. जठरात सामू, म्हणजे पीएच, 1 ते 3 च्या आसपास असतो. तिथे या गटांवरचा हायड्रोजन जागचा हलत नाही. गटांवर विद्युतभार नसतो आणि पाण्याला आत शिरायला वाव मिळत नाही. लहान आतड्यात सामू 6 च्या आसपास किंवा पुढे सरकतो. तिथे हायड्रोजन सुटून जातो, गटांवर ऋणभार येतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या फाकतात, पाणी आत घुसतं आणि लेप विरघळतो. गोळी चावली की हा सगळा बंदोबस्त दाताखालीच मोडतो.

अशा लांबलचक रेणूंच्या पदार्थाला पॉलिमर म्हणतात, आणि बाहेरची परिस्थिती बदलली की आपली वागणूक बदलणाऱ्या पॉलिमरला स्मार्ट पॉलिमर. अशा लेपांपैकी एक जुना लेप सेल्युलोज ॲसिटेट थॅलेटचा. त्यातलं सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून किंवा कापसातून येतं. म्हणजे आज परिषदांमध्ये ज्याला ‘जैविक स्मार्ट पॉलिमर’ म्हणून मिरवलं जातं, ते 1940 च्या दशकापासून लोक पाण्याच्या घोटाबरोबर गिळत आले आहेत.

मी याच क्षेत्रात काम करते. प्रयोगशाळा महापेला, घर ठाण्यात. ओळखीतले पालक मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, ‘मटेरियल सायंटिस्ट’ म्हणजे दिवसभर काय करतात? मी सांगते, लांब रेणूंनी कधी धरून राहायचं आणि कधी सोडून द्यायचं, हे आम्ही ठरवतो. या क्षेत्रात कानावर पडणारे बायोबेस्ड, स्मार्ट आणि नॅनो हे तिन्ही शब्द शेवटी त्याच कामाला येऊन मिळतात.

कार्बन कुठून आला, याने काय फरक पडतो

पॉलिमर म्हणजे एकच छोटा रेणू हजारो वेळा एकापुढे एक जोडून तयार झालेली साखळी. आज हे शाळेच्या पुस्तकात असतं, पण 1920 मध्ये हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते मांडलं तेव्हा त्या काळच्या नावाजलेल्या मंडळींनी ते उडवून लावलं होतं. इतका लांब रेणू असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. श्टाउडिंगरला नोबेल मिळालं ते 1953 मध्ये. सगळी गंमत या लांबीत आहे. साखळ्या पुरेशा लांब असल्या की त्या एकमेकींत अडकतात आणि वस्तू ताण सोसते. त्याच साखळ्या मध्ये मध्ये तुटून आखूड झाल्या की तीच वस्तू हातात कडकन मोडते. जुनी बादली उन्हात ठेवून ठेवून तडकते, त्यामागे हेच असतं.

ठाणे-बेलापूर रोडला या साखळ्या नव्या नाहीत. 1968 मध्ये इथे नोसिल या कंपनीचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला. कच्च्या तेलातून निघणारा नाफ्था प्रचंड तापवून फोडायचा, त्यातून इथिलिन, प्रॉपिलिन मिळवायचं आणि त्यांच्यापासून पुढे प्लास्टिक आणि रसायनं बनवायची, असा तो उद्योग. पलीकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये 1962 मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली. तिथल्या गाळ्यांमध्ये आजही प्लास्टिकच्या दाण्यापासून बूच, डबे, मशीनचे भाग बनतात. या पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांची चूल पेट्रोलियमच्या साखळ्यांवर पेटली. त्यामुळे ‘तेल वाईट, झाड चांगलं’ अशी सोपी विभागणी मला पटत नाही, आणि रसायनशास्त्रालाही ती मान्य नाही.

उदाहरण घ्या. ब्राझीलमध्ये 2010 पासून उसाच्या अल्कोहोलपासून इथिलिन आणि त्यापासून पॉलिइथिलिन मोठ्या प्रमाणावर बनतं. कच्चा माल शंभर टक्के शेतातला. पण तयार झालेली पिशवी आणि नाफ्थ्यापासून बनलेली पिशवी यांत रेणूच्या पातळीवर फरक नाही. उसाची पिशवीही खाडीत तितकीच वर्षं तरंगेल. उलट पीबीएटी नावाचं पॉलिमर बहुतेक वेळा पेट्रोलियमपासूनच बनतं, तरी योग्य कंपोस्टात सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात, कारण त्याच्या साखळीत असे एस्टरचे दुवे आहेत, जे पाणी आणि एन्झाइम मिळून तोडू शकतात.

कार्बन कुठून आला हे मात्र तपासता येतं, आणि ती तपासणी मला फार आवडते. झाड हवेतला कार्बन घेतं आणि त्यात किरणोत्सारी कार्बन-14 चा अगदी अल्प अंश असतो. त्याचं अर्धायुष्य 5,730 वर्षं. कच्चं तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेलं, त्यामुळे त्यातला कार्बन-14 केव्हाच संपलेला असतो. पिशवीचा तुकडा जाळून त्यातला कार्बन-14 मोजला की पिशवी किती टक्के शेतातली आणि किती टक्के तेलविहिरीतली, ते उघड होतं. पण त्याच पिशवीचा शेवट कसा होणार, याबद्दल ही तपासणी अवाक्षर काढत नाही. त्यासाठी साखळीतला दुवा बघावा लागतो.

बायोबेस्ड म्हणजे सुरुवात शेतात, बायोडिग्रेडेबल म्हणजे शेवट सूक्ष्मजीवांच्या पोटात. एकाचा दुसऱ्याशी आपोआप काही संबंध नाही. हे एवढं लक्षात राहिलं तरी दुकानातली निम्मी हिरवी लेबलं नीट वाचता येतात.

चहाचा पेला आणि जुलै महिना

जैविक प्लास्टिक म्हटलं की सध्या सगळ्यात जास्त नाव निघतं पीएलएचं, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचं. मका किंवा ऊस यांच्यातली साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवायचं. हेच आम्ल दह्याला आंबटपणा देतं. त्याच्या साखळ्या बनवल्या की पारदर्शक, ताठ, चकचकीत प्लास्टिक मिळतं.

पीएलएच्या स्वभावाची किल्ली एका तापमानात आहे. साधारण 55 ते 60 अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या साखळ्या थिजल्यासारख्या जागच्या जागी असतात. त्याच्या वर गेलं की त्या वळवळायला लागतात. साध्या पीएलएच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेला लिबलिबीत होतो, तो यामुळे. आणि पीएलए कुजायला हवं असेल तर तेच तापमान आपल्या बाजूने लागतं. कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ 17088 हे मानक आहे. त्यातली कुजण्याची चाचणी 58 अंशांच्या आसपास ठेवलेल्या कंपोस्टात होते आणि 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावं लागतं. मोठ्या, नीट हवा खेळवलेल्या कंपोस्टच्या ढिगात अशी उष्णता टिकते. सोसायटीच्या कोपऱ्यातल्या छोट्या खड्ड्यात ती टिकवणं अवघड. ठाणे खाडीच्या पाण्यात तर प्रश्नच नाही. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेल्या या खाडीत कंपोस्टेबल पेला पडला, तर फ्लेमिंगोंच्या दृष्टीने तो बराच काळ नुसता प्लास्टिकचा पेलाच असतो.

म्हणून ‘कंपोस्टेबल’ छापलेली वस्तू वेगळी गोळा करून योग्य ढिगापर्यंत नेण्याची सोय नसेल, तर शास्त्रज्ञाने रेणूत घातलेलं शहाणपण वाया जातं. हे बोलायला मला संकोच वाटत नाही, कारण हा आमच्याच कामाचा भाग आहे. साखळी कुठे सुटणार आहे ते ठिकाण माहीत नसताना ती कशी सोडायची हे ठरवता येत नाही.

सोडण्याची ही क्षमता दुसरीकडूनही अंगाशी येते. जो दुवा कंपोस्टात पाण्याने तुटतो, तोच दुवा मशीनमध्येही पाण्याने तुटू शकतो. पीएलएचा दाणा वितळवण्याआधी त्यातला ओलावा 0.025 टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. नाहीतर मशीनच्या बॅरलमध्ये, दोनशे अंशांच्या आसपास, तेवढंसं पाणी साखळ्या कापत सुटतं. आता हे जुलै महिन्यात वागळे इस्टेटच्या एखाद्या गाळ्यात करून बघा. बाहेर धो-धो पाऊस, शटर अर्धं उघडं, दाण्याची गोणी सकाळी फोडलेली. नव्या दाण्याच्या चाचणीला मी अशाच एका गाळ्यात गेले होते. मशीनवरचे काका अनुभवी माणूस. साच्यातून निघालेला तुकडा त्यांनी हातात घेतला, वाकवला, तो टचकन मोडला.

“मॅडम, दाणा पाणी प्यायलाय.”

“ड्रायरमधून काढला ना?”

“काढला. पण हॉपरला झाकण नाही. अर्धा तास उघडा होता.”

प्रयोगशाळेत साखळीची सरासरी लांबी मोजायला महागडं यंत्र लागतं. काकांनी ती दोन बोटांत मोजली होती. हॉपरला, म्हणजे मशीनवरच्या दाणा ओतायच्या नरसाळ्याला, झाकण आणि गरम कोरड्या हवेची नळी जोडल्यावर पुढचे तुकडे नीट आले. शोधनिबंधात ही गोष्ट एका ओळीत येते, ‘नमुने वाळवून घेतले’. कारखान्यात मात्र त्या एका ओळीवर सगळा माल पास किंवा नापास होतो.

पीएलएपेक्षा जास्त ठिकाणी कुजणारं एक कुटुंब आहे, पीएचए. जीवाणू अन्नाचा सुकाळ असताना आपल्या पेशीत त्याचे कण साठवून ठेवतात. मोरिस लमवान या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1926 मध्ये त्यातलं पीएचबी शोधलं. माती आणि समुद्रातले सूक्ष्मजीवही ते खातात. अडचण अशी की पीएचबी ठिसूळ आहे, ज्या तापमानाला वितळतं त्याच्या थोडंसं वर ते बिघडायलाही लागतं, आणि महाग पडतं.

कोळंबीचं टरफल

आता माझ्या सगळ्यात जवळच्या विषयाकडे येते. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात किंवा ठाण्याच्या कुठल्याही मासळी बाजारात कोळंबी सोलून मागितली की टरफलांचा ढीग मागे राहतो. त्या टरफलात तीन मुख्य गोष्टी असतात: कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिनं आणि कायटिन. कायटिन साधारण 20 ते 30 टक्के. 1811 मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते पहिल्यांदा अळंबीत सापडलं. रचना सेल्युलोजच्या चुलत भावासारखी, पण त्यात नायट्रोजनही आहे, आणि सगळं नाट्य त्या नायट्रोजनभोवती घडतं.

टरफलं धुऊन, वाळवून, भरडून घ्यायची. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फसफसून फेस येतो. कॅल्शियम कार्बोनेट विरघळत असतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. फेस थांबला की टरफल बाहेर काढून बघावं. मघाशी कडक असलेलं टरफल आता बोटाने दुमडता येतं, फाटलं तर कागदासारखं फाटतं. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात गरम करून प्रथिनं काढायची. या टप्प्याला वास असा सुटतो की शेजारच्या खोलीतले लोक दारं लावून घेतात. उरतात ते फिकट पापुद्रे, म्हणजे कायटिन. ते पुन्हा कॉस्टिक सोड्यात, पण या वेळी 40 ते 50 टक्के इतक्या तीव्र द्रावणात, शंभर अंशांच्या आसपास काही तास. नायट्रोजनवर बसलेला ॲसिटाइल गट तुटतो आणि अमिनो गट मोकळा होतो. आता त्याला म्हणायचं कायटोसान.

कायटोसानची पूड साध्या पाण्यात टाकून कितीही ढवळा, तळाशी बसून राहते. त्यात थोडं व्हिनेगर घाला आणि ढवळत राहा. हळूहळू पूड दिसेनाशी होते आणि पाणी मधासारखं घट्ट होतं. आम्लातला प्रोटॉन अमिनो गटावर बसतो, साखळीवर धनभार येतो, साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात, पाणी शिरतं. गोळीच्या लेपाचं तंत्र इथे बरोबर उलटं चालतं: तो लेप आम्लात घट्ट आणि आम्ल कमी झालं की सुटा, हे आम्लात सुटं आणि आम्ल कमी झालं की घट्ट. हे घट्ट द्रावण सुईतून थेंब थेंब कॉस्टिकच्या सौम्य द्रावणात सोडलं की प्रत्येक थेंब पडताक्षणी गोल, दुधी मणी होऊन तळाशी जातो. नवीन विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करायला लावते, कारण पाठ्यपुस्तकातला सामू त्यांना इथे डोळ्यांनी दिसतो.

त्याच धनभारामुळे कायटोसानचा जखमेवर उपयोग होतो. रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्या कायटोसानला चिकटून गोळा होतात आणि वाहतं रक्त थांबायला मदत होते. अमेरिकी सैन्याने 2000 च्या दशकात अशा पट्ट्या रणांगणावर वापरल्या. आपल्याकडे कायटिन-कायटोसान बनवण्याच्या पद्धतींवर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने पायाभूत काम केलं आणि तिचं मुंबई संशोधन केंद्र आपल्या वाशीत आहे.

आता ज्यात आयुष्य जातं ती गोष्ट. नाफ्थ्यापासून बनलेलं पॉलिइथिलिन आज घ्या की पुढच्या वर्षी, ग्रेड तोच असेल तर वागणूक तीच. कोळंबीचं तसं नसतं. जात बदलली, हंगाम बदलला, टरफलं उन्हात किती वेळ पडून होती ते बदललं की कायटोसानच्या साखळीची लांबी आणि मोकळ्या अमिनो गटांचं प्रमाण दोन्ही बदलतात. एक बॅच झकास जमते, पुढची जमत नाही आणि दोन्हींवर लेबल एकच. जैविक पदार्थांवर काम करणाऱ्याच्या नोकरीचा फार मोठा भाग नवं काही शोधण्यात जात नाही, ही चढउतार आटोक्यात आणण्यात जातो. येणारा प्रत्येक माल मोजायचा, वर्गवारी करायची, दोन बॅच मिसळून हवा तो गुण आणायचा. बाहेरून कंटाळवाणं वाटेल. मला ते या पेशातलं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं. जखमेवर लावायची पट्टी ‘बहुतेक वेळा’ चालून भागत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. टरफल निसर्गातलं म्हणून प्रक्रियाही निर्मळ, असं समजू नये. वर सांगितलेलं आम्ल, कॉस्टिक आणि धुण्याचं पाणी शेवटी कुठेतरी जातंच. ते शुद्ध न करता नाल्यात सोडलं तर टरफल तसंच कचऱ्यात टाकलेलं बरं. म्हणून एन्झाइम आणि सूक्ष्मजीव वापरून तेच टप्पे करायच्या पद्धतींवर सध्या बरंच काम चालू आहे.

वाशीतले गॅमा किरण

जखमेच्या पट्टीचा विषय निघालाच आहे तर हायड्रोजेलबद्दल सांगते. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना मध्ये मध्ये जोडून जाळं केलं की ते विरघळत नाही, पण पाणी पिऊन फुगतं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे असंच जाळं. जोडणीसाठी सहसा रसायन वापरतात आणि त्याचा उरलेला अंश धुऊन काढणं ही डोकेदुखी असते. खाडीपलीकडच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये समुद्री शेवाळातून मिळणारे अगार आणि कॅराजीनन मिसळायचे, पाकिटात बंद करायचं आणि त्यावर गॅमा किरण सोडायचे. किरणांमुळे साखळ्या जोडल्या जातात आणि त्याच वेळी पाकिटातले जंतूही मरतात. जोडणी आणि निर्जंतुकीकरण एका झटक्यात, वरून कुठलंही रसायन न घालता. भाजलेल्या जखमेवर असं जेल गारवा देतं, ओलावा टिकवतं आणि काढताना कातडी ओढत नाही. विकिरण तंत्रज्ञान उद्योगांपर्यंत नेणारी अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही संस्था वाशीतच आहे, आणि तिथल्या केंद्रात मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया होते.

हायड्रोजेलच्या संशोधनात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे पॉलिमरचे शास्त्रज्ञ. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा जेलवर खूप काम केलं. 2012 मध्ये डॉ. शायनी वर्गीस यांच्या अमेरिकेतल्या गटाने प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात माशेलकर आणि डॉ. आशिष लेले हेही सहलेखक होते. त्यात कापलेल्या जेलचे दोन तुकडे आम्लयुक्त परिस्थितीत काही सेकंदांत पुन्हा जुळतात, हे दाखवलं होतं. किल्ली अशी की मुख्य साखळीला लटकलेल्या बाजूच्या साखळ्यांची लांबी नेमकी हवी. आखूड असतील तर पलीकडच्या तुकड्यापर्यंत पोचत नाहीत, फार लांब असतील तर आपापसातच मुडपून बसतात.

नॅनो: चिवड्याच्या पाकिटाचा प्रश्न

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. डोक्यावरचा केस जाडीला 80,000 नॅनोमीटरच्या घरात असतो. नॅनो म्हटलं की लोकांना काहीतरी जादूचं वाटतं, म्हणून मी नेहमी चिवड्याच्या पाकिटापासून सुरुवात करते. ते पाकीट आतून चंदेरी असतं, कारण वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा असतो. एक थर ताकदीला, एक सील व्हायला, मुलामा ऑक्सिजन आणि दमटपणा अडवायला. चिवडा महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतो, पण थर वेगळे करता येत नसल्याने रिसायकलवाले त्या पाकिटाला हात लावत नाहीत.

मग एकाच पॉलिमरचं पाकीट करून त्याची अडवण्याची ताकद वाढवता येईल का? काही मातींचे थर सुटे केले तर प्रत्येक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा, पण रुंदीला त्याच्या शेकडो पट असतो. असे पापुद्रे पॉलिमरमध्ये आडवे पसरले की ऑक्सिजनच्या रेणूला सरळ जाता येत नाही. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर समोरून येणाऱ्या गर्दीतून वाट काढताना जशी डावी-उजवीकडे वळणं घ्यावी लागतात, तशी त्याची गत होते. अंतर तेच, वाट कितीतरी लांब. वजनाने दोन-चार टक्के मातीत हे साधू शकतं, पण अट अशी की पापुद्रे सुटे सुटे राहायला हवेत. ते गठ्ठ्याने एकत्र राहिले तर ती निव्वळ पॉलिमरमध्ये कालवलेली माती. नॅनोवर काम करणाऱ्याचं निम्मं आयुष्य कणांना एकमेकांपासून दूर ठेवण्यात जातं.

मातीच्या जागी सेल्युलोजही वापरता येतं. कापसाच्या किंवा लगद्याच्या तंतूत काही नॅनोमीटर जाडीचे स्फटिकासारखे भाग असतात. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने मधले सैल भाग काढले की ते मोकळे होतात. त्यांचा ताठपणा बुलेटप्रूफ जाकिटातल्या केव्हलार धाग्याच्या तोडीचा. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, जी 1924 पासून चालू आहे, नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्पही आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाचं हे भवितव्य मला फार आशेचं वाटतं.

पण सेल्युलोजला पाण्याची ओढ. कोरड्या हवेत नॅनोसेल्युलोजचा पापुद्रा ऑक्सिजनला उत्तम अडवतो, दमट हवेत फुगतो आणि अडवणं ढिलं पडतं. पॅकेजिंगच्या चाचण्यांमध्ये उष्ण प्रदेशांसाठी 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रता ही नेहमीची अट असते. थंड देशात तयार झालेले कितीतरी सुंदर निकाल या अटीवर टिकत नाहीत. शिवाय नॅनोसेल्युलोज बऱ्याचदा पाण्यातल्या पातळ जेलच्या रूपात मिळतं, त्यात पाणीच नव्वद टक्क्यांहून जास्त असतं. ते वाळवलं की कण एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणजे टँकरभर पाणी वाहून न्यायचं की नॅनोपण गमवायचं, असा पेच. यावर तोडगा काढणाऱ्याला कारखाने डोक्यावर घेतील.

हे शिकायचं कुठे

कोकणातल्या पालकांना मी काजूचं उदाहरण देते. टरफलातल्या ज्या तेलाने हात पोळतात, त्यातून कार्डेनॉल मिळतं आणि त्याच्यापासून गाड्यांच्या ब्रेक लायनिंगची, रंगांची रेझिनं बनतात. खाण्याच्या धान्याला धक्का न लावता मिळणारा हा जैविक कच्चा माल आहे. या रेझिनांपासून गोळ्यांचे लेप, चिकटद्रव्यं, पॅकेजिंग, वैद्यकीय साहित्यापर्यंत, ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॉलिमर जाणणाऱ्यांना काम देणारी क्षेत्रं बरीच आहेत.

वाट साधारण अशी. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात बीएस्सी-एमएस्सी, नाहीतर पॉलिमर किंवा केमिकल इंजिनीअरिंगमध्ये पदवी. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, पवईची आयआयटी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही आपल्या हाकेच्या अंतरावरची ठिकाणं. पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहे. पीएचडीत काम मिलिग्राममध्ये चालतं. कंपनीत गेलं की ग्रॅमचं किलो आणि किलोचं टन करावं लागतं, आणि प्रत्येक पायरीला आधी नसलेली अडचण उभी राहते. भांडं मोठं झालं की मधला भाग तापायला वेळ लागतो, ढवळणं पुरत नाही, साखळ्यांची लांबी बदलते. एखादा पदार्थ बाजारात यायला दहा-पंधरा वर्षं लागणं या क्षेत्रात नवलाचं नाही. वैद्यकीय वापराचा असेल तर आणखी जास्त.

मुलाखतीला येणाऱ्या उमेदवारांना रासायनिक सूत्रं तोंडपाठ असतात. बहुतेक जण अडतात ते वितळलेलं पॉलिमर नळीतून कसं वाहील या प्रश्नावर. ते पाण्यासारखं वाहत नाही. जोरात ढकललं की पातळ होतं, नळीतून बाहेर पडल्यावर फुगतं, आणि याचं गणित डिफरन्शियल समीकरणांशिवाय मांडता येत नाही. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी असलेल्या ‘गेट’ परीक्षेच्या ‘एक्सई’ पेपरात पॉलिमर सायन्स आणि मटेरियल्स सायन्स हे दोन्ही विभाग निवडता येतात, पण अभियांत्रिकी गणिताचा विभाग सगळ्यांना सक्तीचा आहे. बारावीनंतर गणिताला रामराम ठोकून या वाटेला येऊ पाहणाऱ्यांनी तो आधीच पुन्हा हाती घ्यावा.